गुणमालाताईंनी उघडायला लावलेली सात नंबरची खोली

तुमच्या आईला गरम पाण्याच्या आंघोळीनं न्यूमोनिया झाला, तर गचांडी कुणाची धरणार?

हसू नका. सांगलीजवळच्या आमच्या वृद्धाश्रमात पंधरा दिवसांत दोघं न्यूमोनियानं आजारी पडले. दुसरे तवनाप्पा, वय ब्याऐंशी. तपासणीत लीजिओनेला निघाला. हा जंतू साचलेल्या, कोमट पाण्यात वाढतो आणि शॉवरच्या तुषारांतून छातीत शिरतो. मी आश्रमातला कामगार, दहावी नापास. पण हे सगळं वाचून, डॉक्टरांना उलटे प्रश्न विचारून पक्कं केलंय.

अध्यक्ष बाबगोंडांना मी चार पत्रं दिली, दोनदा टेबलावर हात आपटला. त्यांनी काय केलं? पिण्याच्या पाण्याला फिल्टर बसवून फोटो काढला! आणि तवनाप्पा सोमवारी दवाखान्यातून परत येणार होते. त्याच शॉवरखाली.

तेव्हा पुढं झाल्या गुणमालाताई. चौथी शिकलेली, अठरा वर्षं तिथल्या म्हाताऱ्यांना आंघोळ घालणारी बाई. खडू घेतला आणि सोलरच्या टाकीपासून पाइप धरून चालत सुटल्या. रोज वाहणाऱ्या प्रत्येक नळाशेजारी फुली. एका ठिकाणी मात्र फुली पडेना. सात नंबरची खोली! पुण्याचे देणगीदार वर्षातून एकदा, दिवाळीला येतात, म्हणून त्यांच्या नावाची पाटी लावून मानानं कुलूपबंद ठेवलेली.

ताई थेट अध्यक्षांसमोर.

"किल्ली द्या."

"देणगीदारांना विचारल्याबिगर न्हाई. मान असतोय माणसाचा."

"आपल्या जैनांत गाळलेलं पाणी अठ्ठेचाळीस मिन्टांनी परत गाळत्यात. उकळलेलं चोवीस तासांनी कोण तोंडाला लावत न्हाई. आन् ह्या पाइपात दिवाळीपास्नं पाणी उभं हाय, त्याला मुदत न्हाई व्हय?"

"त्या खोलीत कोण ऱ्हातंय? कुणाच्या अंगावर येतंय ते पाणी?"

"आवं, पाइप एकच हाय. जंतू काय पाटी वाचून थांबतोय?"

मी खो खो हसलो. बाबगोंडांनी किल्ली आपटली टेबलावर. चला, टेबल वाजवायला दुसरं कुणीतरी मिळालं!

तुषार उडू नयेत म्हणून ताईंनी आधी शॉवरची जाळी काढायला लावली, नळाला नळी जोडून टोक मोरीच्या भोकात घातलं. आलं की हो पाणी! तांबूस, कुबट! त्याच दिवशी प्लंबर जयराजनं तो बिनवापराचा फाटा मुख्य पाइपापासूनच कापला. म्हाताऱ्यांना चटका नको म्हणून टाकी कोमट ठेवायचे; ती साठ अंशांवर नेली आणि थंड पाणी नळाजवळ मिसळायची सोय केली. सगळ्या जाळ्या बदलल्या, नमुने प्रयोगशाळेत धाडले.

सोमवारी तवनाप्पा आले, तर पुढ्यात उकळून निववलेल्या पाण्याची बादली.

"गुणमाला, राजाचा शॉवर बंद केलास की गं!"

"आजोबा, राजा जित्ता पायजे न्हवं? अहवाल येईस्तवर बादलीच."

बाराव्या दिवशी अहवाल आला: जंतू आढळला नाही. मी अंगणात उडीच मारली! तवनाप्पा टॉवेल खांद्यावर टाकून रांगेत पहिले. ताई मला म्हणाल्या, "उड्या पुरं. दर आठवड्याला समदे नळ वाहिले पायजेत, पाणी परत परत तपासलं पायजे. ते बघा."

ते मी बघतोय. तुम्ही एवढं करा: याच आठवड्यात तुमच्या गावच्या वृद्धाश्रमात जा, बंद खोल्यांतले नळ शेवटचे कधी वाहिले ते विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत खुर्चीवरून उठू नका.