बाईंच्या जागी

शाळेत कुणी विचारलं, तुझी मावशी काय काम करते, की मी सांगायची, "ती उभी राहते." पोरी खो खो हसायच्या. एकीच्या तर मी वेण्या ओढल्या होत्या. पण खोटं काय होतं त्यात? स्टुडिओत तिला सगळे 'उभी'च म्हणायचे. "उभी आली का?" "उभीला चहा द्या रे."

त्याचं असं होतं. मोठ्या नटीवर प्रकाश बसवायला त्या काळी दोन-दोन तास लागायचे. तेवढा वेळ तिला दिव्यांखाली ठेवली तर तोंडावरचा रंग ओघळायचा आणि पाराही चढायचा. म्हणून तेवढ्याच उंचीची, तसल्याच नाकाची एक मुलगी तिचे कपडे घालून, तशीच केशरचना करून जमिनीवरच्या खडूच्या फुलीवर उभी करायचे. तिच्यावर सगळे दिवे जमवायचे. जमले, की हाक जायची, "बाईंना बोलवा!" मग मावशीनं निमूट बाजूला व्हायचं. बाई म्हणजे तेव्हाची सगळ्यात मोठी नटी. तिला कुणी नावानं हाक मारल्याचं मावशीला आठवत नाही.

माझे आजोबा त्याच स्टुडिओत सुतार. ज्यांच्या पलीकडे काहीच नाही अशा खिडक्या आणि कुठंच न जाणारे जिने ते करायचे. सतरा वर्षांची मावशी त्यांचा डबा घेऊन गेली आणि कॅमेरावाल्या काकांच्या नजरेत भरली. "हिला उद्यापासून पाठवा," ते म्हणाले. आजोबांनी आठ दिवस घर डोक्यावर घेतलं, मग हात टेकले.

मावशीला अर्थातच नटी व्हायचं होतं. उगाच उभं राहायला कोण जातं? मधूनमधून लहानसहान कामंही मिळाली. एकात ती परिचारिका होती, एकात नायिकेची मैत्रीण, तीही पाठमोरी. आणि एकात दारातून डोकावून म्हणाली, "गाडी आली!" ही दोन शब्दांची भूमिका तिनं घरी इतकी घोटली, की माझी आई झोपेतसुद्धा "आले, आले" म्हणत उठून बसायची. पण रोजचं काम फुलीवरचंच. कॅमेरावाल्या काकांची एकच ताकीद असायची, "चेहरा रिकामा ठेव. तू काही दाखवायला लागलीस, की माझं लक्ष प्रकाशावरून उडतं." अकरा वर्षं मावशीनं चेहरा रिकामा ठेवला. नट्या चेहरा भरायला शिकतात. ही बया नेमकं उलटं शिकली, आणि त्यातच तिचं नशीब अडकलं.

बाईंचा तो गाजलेला सिनेमा. शेवटी नायिका खिडकीत उभी असते, नवरा आता परत येणार नाही हे तिला कळलेलं असतं, आणि कॅमेरा नुसता तिच्याकडे बघत राहतो. खिडकी आजोबांच्या हातची. त्या दिवशी बाईंना काही केल्या ते साधेना. सात वेळा रडून झालं. आठव्यांदा त्या वैतागून खोलीत गेल्या आणि आतून कडी लावली. दिग्दर्शक म्हणाला, दिवेच बदलून बघू. मावशी पुन्हा फुलीवर उभी राहिली. दिवे बदलले, की काका तिच्यावरच थोडी फिल्म चालवून घ्यायचे, धुतल्यावर सावल्या कशा पडल्यात ते बघायला. तो तुकडा नंतर कापून टाकायचा असतो. त्या दिवशी कापायचा राहिला. बाईंनी मग आणखी चार वेळा केलेल्या शॉटच्या सुरुवातीला तो तसाच चिकटून संकलकाकडे गेला. संकलकाच्या यंत्रावर चित्र अंगठ्याएवढं, चेहरा अर्धा अंधारात, कपडे तेच. त्याला वाटलं, बाईंनी अखेर कमाल केली. लावला तोच.

लोक ढसाढसा रडले. त्या एका शॉटसाठी बाईंना बक्षीस मिळालं. मावशीनं सिनेमा आईबरोबर पाहिला, तिकीट काढून. शेवटी तिनं आईचा दंड घट्ट धरला. "ताई, ती मी आहे." आई म्हणाली, "गप बस, लोक बघतायत."

मला मात्र तो शॉट पहिल्यांदा पाहतानाच पटलं होतं. मावशीची चप्पल चावायला लागली, की तिचा डावा खांदा जरासा उतरतो. खिडकीतल्या नायिकेचा खांदा तस्साच उतरलेला आहे. "काय विचार करत होतीस गं तेव्हा?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "कसला विचार? चप्पल चावत होती."

काकांना कळलं होतं. बाईंना तर पहिल्याच खेळात कळलं असणार. पण सगळे मूग गिळून बसले. पुढच्या सिनेमाच्या पहिल्या दिवशी मावशी गेली, तर फुलीवर दुसरीच मुलगी. "बाईंनी सांगितलंय," एवढंच उत्तर मिळालं. मावशी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची. त्यानंतरची तीस वर्षं तिनं त्याच स्टुडिओच्या कपडेखात्यात बटणं लावण्यात घालवली. बाई जवळून गेल्या की ती खाली बघायची. बाईही दुसरीकडे बघायच्या.

मी कितीदा तरी म्हटलं, वर्तमानपत्राला कळवू या. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. पण मावशीचं एकच. "मला लोकांकडून काही नको. तिनं एकदा सांगावं. 'ती मी नव्हते,' एवढंच. बास."

तर मागच्या महिन्यात तो सिनेमा डागडुजी करून मोठ्या पडद्यावर लावला. बाई पाहुण्या. नव्वदीला टेकलेल्या, चाकांच्या खुर्चीत, पण आवाज खणखणीत. मी मावशीला बळेबळेच नेलं, दहाव्या रांगेत बसवलं. शेवटची खिडकी आली तेव्हा माझा हात तिच्या हातात होता. ती पडद्याकडे बघतच नव्हती. तिची नजर बाईंच्या पाठीवर होती.

दिवे लागले, टाळ्या थांबेनात. सूत्रसंचालक मुलीनं माईक पुढे केला. "बाई, हा शॉट तुम्ही कसा दिलात?"

बाई म्हणाल्या, "मी नाही दिला. ही मी नव्हेच. माझ्या जागी उभी राहायची ना, ती मुलगी आहे ही."

सभागृहात कौतुकाचं हसू पसरलं. "किती हा नम्रपणा!" सूत्रसंचालक म्हणाली. "अगं बाई, खरं सांगतेय मी," बाई चिडल्या, तोवर माईक दुसऱ्याच्या हातात गेला होता. मागच्या रांगेत कुणीतरी हळहळलं, "वय झालं हो." मी ताडकन उठले. मावशीनं मला खाली ओढलं आणि ती स्वतःच उठून बाईंकडे चालायला लागली.

बाईंनी तिला लांबूनच ओळखलं. "ऐकलंस?" त्यांनी विचारलं.

"ऐकलं."

"तुला मीच काढलं. घाबरले होते गं. तू काहीच न करता उभी होतीस, आणि मला तेच जमत नव्हतं." बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. "इतकी वर्षं लावली मी. आणि आता सांगितलं, तर कुणाचा विश्वास बसेना."

"माझा बसला," मावशी म्हणाली. मग दोघी एकमेकींचे हात धरून बसल्या, आणि मी, जिच्या तोंडाचा पट्टा कधी थांबत नाही, ती बाजूला उभी राहून रडले.

मला वाटलं, संपलं. मावशीला हवं ते मिळालं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या दारात हजर, हातात वर्तमानपत्र. पान पाचवर बाईंचा फोटो आणि वर ठळक अक्षरांत छापलेलं, 'स्वतःचाच अजरामर प्रसंग विसरल्या'. खाली वार्धक्य, स्मृतिभ्रंश आणि काय काय.

मावशीला इतकी संतापलेली मी उभ्या जन्मात पाहिली नव्हती. "विसरल्या म्हणे! त्या बाईनं आयुष्यात एकदा खरं बोलायचं धाडस केलं, आणि हे तिला वेडी ठरवतायत? पेन घे."

"अगं, पण तूच म्हणायचीस ना, लोकांना सांगायचं नाही म्हणून?"

"ते माझ्यासाठी होतं. हे तिच्यासाठी आहे. लिही." ती टेबलाशी उभीच राहिली, बसली नाही. "बाईंची आठवण पक्की आहे. त्या खिडकीत मी होते. माझी चप्पल चावत होती."

"चप्पलसुद्धा लिहू?"

"लिही. त्याशिवाय कोण विश्वास ठेवणार?"

मी लिहिलं. शेवटी विचारलं, "खाली काय घालू? 'एक प्रेक्षक'?"

"प्रेक्षक कशाला?" मावशी म्हणाली. "माझं नाव घाल. पूर्ण."