खाडीवरचे चाचा

ढेकूळ उचलायचं, त्यावर पाण्याचे दोन थेंब टाकायचे, तळहातावर गोळी वळायची आणि दातांखाली हळूच चावून बघायची. मग थुंकून म्हणायचं, "अगोदर मातीला विचारू. माणसाला नंतर." नाशकात विहिरी आणि बंधारे बांधणारे मिस्त्री तसे पुष्कळ होते, पण माती चाखणारे चाचा एकच. तुम्ही तेव्हा भद्रकालीच्या बाजूला राहत असाल तर गुडघ्यापर्यंत दुमडलेला त्यांचा पायजमा तुम्ही नक्की पाहिला असेल.

मी एका वकिलांकडे जमिनीच्या दाव्यांचे नकाशे काढायच्या कामाला होतो. मिठाच्या सत्याग्रहात वकील तुरुंगात गेले आणि येताना मासे घेऊन आले, म्हणजे माशांचं वेड. कोठडीतल्या एका पेणकडच्या सोबत्यानं त्यांना खाडीकाठी तळी बांधून जिताडा मासा कसा वाढवतात ते रोज ऐकवलं होतं. त्याच्या ओळखीची एक जागाही होती. वकिलांनी ठरवून टाकलं की वकिली बंद, आता खाडीवर राहायचं. मीही उत्साहानं सात तळी निळ्या शाईत रंगवून दिली.

"जागा एकदा चाचांना दाखवू," मी म्हटलं.

"त्यांनी समुद्र पाहिलाय का?"

पाहिला नव्हता. साठीच्या माणसानं गोदावरीहून मोठं पाणी पाहिलं नव्हतं. कल्याणपर्यंत आगगाडी, पुढे मोटार आणि शेवटी होडी असा आमचा प्रवास झाला. होडीत बसलो तेव्हा ओहोटी लागली होती. चाचा बराच वेळ मागे सरकणारं पाणी बघत राहिले, मग होडीवाल्याला म्हणाले, "हे परत येतं?"

"येतं की. दिवसातून दोनदा."

"मग जातं कशाला?"

होडीवाला इतका हसला की वल्हं हातातून सुटता सुटता राहिलं.

जागा देखणी होती. सपाट, मोकळी, कडेला तिवरांची हिरवी रांग. वकील हात पसरून कुठलं तळं कुठे ते दाखवू लागले. चाचांनी माती चावली आणि थुंकून टाकली. कमरेइतका खड्डा खणला, घागरींनी काठोकाठ भरला आणि सावलीत जाऊन बसले. दुपारी पाहिलं तर खड्डा कोरडा.

"ऊन केवढं आहे चाचा! वाळलं असेल," वकील म्हणाले.

चाचांनी पुन्हा खड्डा भरला, वर चटई टाकली आणि चटईवर दगड ठेवले. संध्याकाळी चटई उचलली तर तळाला नुसती ओल. वीतभर चिखलाखाली शिंपल्यांची वाळू होती.

"वकीलसाब, इथे तळं टिकणार नाही. पाणी जाईल आणि मासे आपापल्या घरी जातील."

वकिलांचा चेहरा पडला. माझाही पडला, खोटं का सांगू? सात तळी माझ्या हातची होती. वकील रागानं म्हणाले, "समुद्र आजच पाहिलात आणि आजच निकाल दिलात?"

"समुद्राचं मला काय कळतं?" चाचा शांतपणे म्हणाले. "मला मातीचं कळतं. समुद्राचं ज्याला कळतं त्याला उद्या विचारू. एक दिवस द्या."

दुसऱ्या दिवशी ते शिंपल्या वेचणाऱ्या एका कोळणीच्या मागे मागे खाडीच्या आत मैलभर चालत गेले. ती हातवारे करून सांगत होती, "बाबा, उधानाला पानी त्या झाराच्या फांदीला लागतं. बांध त्याच्यापरीस उंच घाल, बुरनार नाय." त्या झाडापाशी काळी, चिकट माती होती. चाचांनी ती चावली आणि दोन दिवसांत पहिल्यांदा हसले. तिथे खणलेल्या खड्ड्यात भरलेलं पाणी तिसऱ्या दिवशी सकाळीही काठोकाठ होतं.

पण जागा लहान होती. "इथे दोनच तळी बसतील," वकील कुरकुरले.

"दोन राहतील. ती सात गेली असती."

परतताना कल्याणला गाडीची वाट बघत होतो तेव्हा वकील उठले, स्वतः चहा घेऊन आले आणि कप चाचांच्या हातात दिला. मी समजलो. नाशकाला पोचल्यावर सात तळ्यांचा नकाशा मी स्वतःच फाडला.

बांध आणि बांधातली उघाडी, म्हणजे पाणी आतबाहेर सोडायचं लाकडी दार, चाचांनी उभं राहून करून घेतलं. पुढच्या वर्षी पहिलं जाळं ओढलं तेव्हा हातभर लांबीचे जिताडे उसळले. वकील लहान मुलासारखे ओरडत होते. चाचा मात्र नाकाला उपरणं लावून लांब उभे! तेव्हा कुठे कळलं की त्यांनी जन्मात मासा खाल्ला नव्हता, वाससुद्धा सहन होत नव्हता. कोळणीनं तुकडा तळून आणला आणि कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली. त्यांनी डोळे मिटून तो खाल्ला. बराच वेळ चावला.

"कसा हाय, बाबा?"

"वाईट नाही," चाचा म्हणाले आणि दुसरा तुकडा मागितला.

त्यानंतर दोन हिवाळे गेले आणि तिसऱ्यात चाचा गेले. शेवटपर्यंत कुणी भेटलं की विचारत, "उघाडी कशी आहे?"

ते गेल्यावर मी पहिल्यांदा खाडीवर गेलो, तो भरतीच्या वेळी. वाटेत एका अनोळखी पोरसवदा बाईला तळी कुठे म्हणून विचारलं. तिनं डोक्यावरची पाटी सावरत हात दाखवला. "सरल जा. नाशिकवाल्याची उघारी लागंल." कोण नाशिकवाला, ते तिला ठाऊक नव्हतं. मी पोचलो तेव्हा उघाडीतून पाणी खळाळत आत येत होतं.