चिंट्झचे माहेर

गोडादऱ्याच्या खानदेशी वस्तीत आमच्या समोर राहणारे ते गृहस्थ कापड बाजारात साड्यांच्या घड्या घालीत. मी इंग्रजीचा शिक्षक असल्यामुळे नमुन्याच्या पट्टीवरचा एखादा शब्द ते मला दाखवीत. पण अर्थ आधी कधीच विचारीत नसत. खानदेशातून आलेल्या नव्या भाडेकरूला विचारावे तसे म्हणत, “सर, याचं गाव कोणतं?” ती वस्ती सोडून मला आता बरीच वर्षे झाली, तरी असे विचारणारे पुन्हा कोणी भेटले नाही.

एकदा शब्द होता ‘चिंट्झ’. मी सांगितले, हा मूळचा आपलाच. फुलाफुलांचे छापील कापड, म्हणजे ‘छीट’. जहाजाने ती विलायतेस गेली आणि तिथे तिचे हे नाव झाले. पडद्यांच्या फुलांच्या कापडाला तिकडे अजून हेच म्हणतात.

“म्हणजे सासरी गेली अन् नाव गमावून बसली,” ते म्हणाले. मी हसलो. ते हसले नाहीत.

पुढे त्यांच्या मुलाचे लग्न झाले. रिवाजाप्रमाणे सुनेचे नवे नाव त्याने अंगठीने तांदळात लिहायचे होते. थोरल्या आत्याने ते ठरवूनही ठेवले होते. मुलगा लिहू लागताच हे गृहस्थ म्हणाले, “तिचं आहे तेच लिही.”

“येडा झाला का रे भाऊ? सुनेला नवं नाव नको?” आत्या कडाडली.

“तिना बापनी नाव ठेयेल शे, आक्का. ऱ्हाऊ दे.”

मुलाने गोंधळून, घाईघाईने लिहिले. सुनेने ते वाचले आणि वाकडे आलेले एक अक्षर आपल्या बोटाने हळूच सरळ केले.