पाडीचे डोळे आणि माझं पत्रक

आमच्या घरात वर्तमानपत्राआधी आंदोलनांची पत्रकं आली. बाबा ती छापून आणत आणि शाळेत असल्यापासून मी डोंबिवलीत ती दारोदार वाटत असे. कुठलंही दुखणं दिसलं की आधी गुन्हेगार शोधायचा, ही सवय तेव्हाची.

यंदाच्या उन्हाळ्यात काकीच्या दीड महिन्याच्या पाडीचे डोळे सुजले. शेतं बिल्डरला गेली तरी काकीने एक गाय ठेवली होती. दोन दिवसांत पाडीचे डोळे खोबणीतून बाहेर ढकलल्यासारखे दिसू लागले. गोठ्यामागेच रसायनांचे कारखाने. माझ्यापुरता निकाल लागला: विषारी वायू.

"तिचा आंग तापलाय," काकी म्हणाली. "कानान गोचीड बी झालेत."

"गोचिडाने डोळे बाहेर येतात का, काकी?"

"मना काय ठाव? तू शिकलेली. डाक्टरला बोलवू?"

"थांब. आधी फोटो घेऊ दे. सूज उतरली की कारखानेवाले म्हणतील, काही झालंच नव्हतं."

तीन दिवस मी तिला थांबवलं. पत्रक निघालं, वर पाडीचा फोटो, खाली माझं वाक्य: आज वासरू, उद्या तुमचं मूल.

चौथ्या दिवशी पाडी उठेना, तेव्हा कल्याणहून जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी खांद्यापुढची सुजलेली गाठ चाचपली, मग कान उलटा केला. आत एरंडाच्या बियांसारखे गोचीड.

"थायलेरिया. गोचिडातून रक्तात जातो. ताप आला तेव्हाच इंजेक्शन पडायला हवं होतं." इंजेक्शन देऊन ते हात पुसत गोठ्याच्या खांबावर चिकटवलेल्या माझ्या पत्रकाकडे बघत राहिले. "फोटो कुणी काढला? चांगला आलाय."

पाडी जगली. दोन्ही बुबुळांवर मात्र पांढरं आलं ते गेलं नाही; तिला दिसत नाही.

चूक कबूल करणारं दुसरं पत्रक काढू म्हटलं, तर बाबा म्हणाले, "कारखानेवाले नाचतील त्यावर." मी काढलं नाही. कारखाने आजही रात्री घाण सोडतात, ते खोटं नाही. पण मी कागद पुढे केला की नाक्यावरचा चहावाला विचारतो, "ताई, यावेळी कान बघितलेत ना?"

काकी पाडीचं तोंड धरून गाईच्या सडाला लावते. मी गोठ्यात गेले की फक्त बाजूला सरकते, म्हणजे धरायची पाळी माझी.