तिजेचं पाणी

माझी पोरगी मुंबईहून बरी होऊन आली, पण माझा काही विश्वास बसत नव्हता. जन्मापासून तिच्या छातीवर हात ठेवला की आत मांजर गुरगुरल्यासारखं लागायचं. काळजाजवळची एक नळी जन्मल्यावर मिटायला हवी, ती उघडीच राहिली होती. डॉक्टरांनी ती बांधली, तशी गुरगुर थांबली. ते म्हणाले, आता काळीज नीट चालतं, हिला कामाला अडवू नका. मी ऐकून घेतलं. पण घरी हात ठेवला की आत सगळं गुपचूप, आणि मला वाटायचं, हे तर मंद होत चाललं. तिची आई गेल्या हिवाळ्यात गेली. शेंडेफळ ते माझ्यापाशी राहिलं. रोज दिवा लावून याडीला, म्हणजे आमच्या देवीला, सांगायचो की हिला सांभाळ. आणि मग पहारा मीच द्यायचो.

श्रावणात आमच्या तांड्यात तीज असते. बिनलग्नाच्या पोरी टोपलीत गहू पेरतात, विहिरीवरून डोक्यावर पाणी आणून गाणी म्हणत घालतात. हिनं हट्ट धरला. मी म्हटलं, पेर, पण पाणी मी आणीन. पोरींच्या रांगेत डोक्यावर घागर घेऊन मी म्हातारा. एक पोरगी म्हणालीच, "काका, तुमचंबी लगन राह्यलं काय?" सगळ्या हसल्या. हसू दे म्हटलं.

एक दिवस पोरगीही सोबत आली होती, आणि विहिरीपाशी चिखलात माझा पाय मुरगळला. खालीच बसलो. पुढच्या गावी माहेरी निघालेली एक बाई पाणी प्यायला थांबली होती. तिनं माझी घागर भरली आणि सरळ पोरीच्या डोक्यावर ठेवली.

"उतरव बाई, तिचं छातीचं आपरेशन झालं."

"मंग? बरी दिसून राह्यली ना. देवीले सांगतलं नाही काय?"

"रोज सांगतो."

"मंग मधात मधात कायले येता, भाऊ?"

पोरगी चालूही लागली होती. चढावर एक पळस आहे. आजारात ती दर वेळी दम लागून तिथं बसायची. मी त्या पळसाकडेच बघत राहिलो. ती पळस ओलांडून गेली, आणि वरून पोरींच्या गाण्यात तिचा आवाज आला. मी लंगडत घरी पोचलो, तोवर तिची दुसरी खेप झाली होती. पाठीवर हात ठेवला. आत धबधब चाललं होतं, साफ, गुरगुर नाही. हात तसाच ठेवला, तर ते आपोआप हळू झालं, कोणाच्याही काळजाचं व्हावं तसं.

त्या बाईला तांड्यात कोणी ओळखत नव्हतं. ती देवी होती असं मी म्हणत नाही. घाईत असलेली बाई असेल. पण मला जे ऐकायला हवं होतं ते तिच्या तोंडून आलं, आणि त्याबद्दल मी याडीलाच हात जोडतो.

दुसऱ्या दिवशी घागर मी पोरीच्या हातात दिली. दिवा लावतो अजून. लावला की विहिरीच्या वाटेकडे पाठ करून बसतो.