रडवायला आलेल्या बायका

पुण्यात एका मैत्रिणीच्या घरी परवा ऐकलं की दुःख आत ठेवू नये, बोलून, रडून बाहेर काढावं, म्हणजे माणूस बरं होतं. विलायतेत त्यासाठी वेगळे डॉक्टर असतात म्हणे. मी मान डोलावली. चारचौघांत वाद घालणं मला जमत नाही. पण हे औषध भोरला आमच्याच माजघरात मी पाहिलेलं आहे, आणि ते पाजणाऱ्यांची तोंडंही.

माझ्या भावाचा मुलगा चार वर्षांचा होता. आमचं ऐकून ऐकून तोही आपल्या आईला वहिनी म्हणे आणि आजीला आई. त्याची ही सवय कुणी मोडली नाही, कारण आमच्या आईला ती आवडत असे. चैत्रात आईनं त्याला भाटघरला आपल्या बहिणीकडे नेलं आणि तिथे तो धरणाच्या पाण्यात बुडाला.

मी शाळेच्या सुट्टीत घरी आले, तेव्हा घरात मुलाचं नाव कुणी काढत नव्हतं. सगळ्यांना चिंता होती ती वहिनी रडली नाही याची. ती पाणी भरी, स्वयंपाक करी, कुणी काही विचारलं तर मान हलवी. तोंडातून शब्द नाही.

आमच्या आळीतल्या बायकांचं याबाबत ठाम मत होतं. न रडलेलं दुःख डोक्यात चढतं आणि बाई वेडी होते, म्हणून तिला रडवलं पाहिजे. रोज दुपारी मागचं आवरून पाच-सहा जणी येत. वहिनीला मध्ये बसवत, मुलाची जरीची टोपी तिच्या मांडीवर ठेवत, आणि मग एकेक जण गळा काढी. वहिनी टोपीकडे बघत बसे. सगळ्यांचं रडून झालं की डोळे पुसून चहा होई. तो वहिनीच करी.

शेजारच्या काकू सर्वांच्या म्होरक्या. एकदा त्यांनी वहिनीच्या दंडाला इतक्या जोरात चिमटा काढला की तिथे काळंनिळं झालं.

"अगं, दगड आहेस का? एक हुंदका तरी दे," त्या म्हणाल्या. मी दारात उभी होते. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि मडमीणबाई, तुम्ही काय नुसत्या बघताय? शाळेत रडायला शिकवत नाहीत वाटतं."

मी आत निघून गेले. दादा तर कचेरीतून आला की जोडे काढून थेट वर जाई.

आईनं निर्णय करून टाकला होता. वैशाखी पौर्णिमेपर्यंत वहिनी ताळ्यावर आली तर ठीक, नाहीतर तिच्या भावानं वेल्ह्याहून गाडी घेऊन यावं आणि तिला कायमची घेऊन जावं. पुढे दादासाठी दुसरी मुलगी. हे सगळं आई वहिनीच्या देखत बोलत असे, जणू बोलत नाही त्या माणसाला ऐकूही येत नाही.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी काकूंनी शेवटचा उपाय काढला. ज्या होडीवाल्यानं मुलाला पाण्याबाहेर काढलं, त्यालाच भाटघरहून बोलावलं. ज्यानं पाहिलं त्याच्या तोंडून ऐकल्यावर कोण रडणार नाही, असं त्यांचं म्हणणं.

तो उंबऱ्याबाहेर बसला. मुलाला बाहेर काढलं त्या दिवशी त्यानं दादाला एवढंच सांगितलं होतं की पाण्यावर सदरा दिसला म्हणून होडी वळवली. एव्हाना त्यानं ते बऱ्याच घरांत सांगितलं असावं.

"म्या पल्याड हुतो बाईसाब, लई लांब. पोरगं गुडघाभर पान्यात खेळत हुतं. मग पाय सरला त्याचा."

"मग?" काकू पुढे सरकल्या.

"मग वरडलं की. आई, आई करत हुतं. दोनदा वर आलं, दोन्ही बारीला आईच."

बायकांनी पदर तोंडाला लावले. काकूंनी वहिनीची हनुवटी धरून वर केली. "ऐकलंस? जाताना तुला हाक मारत होता गं."

"मला नाही," वहिनी म्हणाली.

आवाज घोगरा झाला होता. तिनं काकूंचा हात बाजूला केला.

"मला तो वहिनी म्हणायचा." मग तिनं मांडीवरची टोपी उचलली आणि आईच्या मांडीवर ठेवली. "तुम्हाला बोलवत होता. कुठे होतात?"

आईनं टोपी दोन्ही हातांत धरली. मग म्हणाली, "अंगणात पापड घातले होते. गाय आली होती पापडांवर."

एवढं बोलून तिच्या तोंडून जो आवाज निघाला, तो मी पुन्हा कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. होडीवाला चाचरत म्हणाला, "वारं हुतं बाईसाब. नसंल बी म्हणलं तसं." त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही. काकू मात्र तेवढ्यात सरकून आईच्या शेजारी येऊन बसल्या होत्या आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. "रडा हो, रडा. मोकळ्या व्हा."

वहिनी उठली. "आता घरी जा," ती बायकांना म्हणाली. "आज चहा नाही."

दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ गाडी घेऊन आला. आई माजघरात भिंतीकडे तोंड करून पडली होती. न्यायचं की नाही, असं त्यानं दादाला विचारलं, दादानं आईला विचारलं, आणि आईनं कूससुद्धा बदलली नाही. वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून भावाला म्हणाली, "बैल सोड. जेवून जा." संध्याकाळी गाडी रिकामीच परत गेली.

दुसऱ्या मुलीचा विषय पुन्हा निघाला नाही. वहिनी आणि आई अजून त्याच घरात आहेत, कामापुरतं बोलतात. होडीवाल्यानं हाक खरोखर ऐकली होती का, हे घरात कुणी विचारलेलं नाही, मीही नाही. काकू आळीत सांगतात की वहिनी त्यांच्या उपायानं बरी झाली. सुट्टीत मी गेले की त्या चहाला येतात, आणि मी त्यांच्यापुढे कप ठेवून आत निघून जाते.