माणिकचा जोडविषय

माणिक कांबळे गेल्याची बातमी कॉलेजच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आली. खाली जोडलेल्या हातांची रांग लागली आणि त्या रांगेतच एकानं सवयीनं गुलाबाचं फूल आणि ‘सुप्रभात’ टाकलं. माणिक असता तर म्हणाला असता, “राहू दे रे, रोजचं काम केलं त्यानं.” आता असली वाक्यं मीच मला ऐकवतो...

उदगीरला आम्ही एकाच कॉलेजात होतो. तो भूगोल शिकवायचा, मी मराठी. लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या दुष्काळात त्याच्या डोक्यात आलं, की बी.ए.च्या पोरांनी पदवीबरोबर संगणक हा जोडविषय घ्यावा. हल्ली त्याला मायनर म्हणतात आणि त्यावर शाल-श्रीफळासकट चर्चासत्रं भरतात. तेव्हा प्राचार्य एवढंच म्हणाले, “कांबळे, नकाशे हातानंही काढता येतात की.” माणिकचं म्हणणं साधं होतं. नुसता भूगोल शिकलेला विहीर कुठं आहे ते सांगेल, नुसता कॉम्प्युटर शिकलेला तक्ता भरेल. दोन्ही येणारा सांगेल, टँकर आधी कुठल्या वस्तीवर जायला हवा. शिवाय उदगीर जिल्हा होणार, नवी कार्यालयं येणार, तिथं हीच पोरं लागणार. जिल्हा होणार हे आम्ही दर वर्षी ऐकतो. नांदेडकडं किनवटवालेही ऐकतात. मी हसायचो. तो हसायचा नाही.

विषय सुरू व्हायला पोरं कमी पडत होती, म्हणून तो घरोघर फिरला. एकदा मलाही नेलं. जवळच्या गावात संगाप्पांचं किराणा दुकान. त्यांची महानंदा वर्गात हुशार.

“मास्तर, बी.ए.ला कॉम्प्युटर कशाला? शिकून पोरगी पुण्याला पळंल.”

“न्हाई आप्पा. जिल्हा झाला की हितंच खुर्चीवर बसंल. रोज जेवायला घरी.”

“बघा हं. एकुलती एक हाय.”

“माझा शब्द हाय.”

महानंदा आणि तिच्या सोबतची पोरं उन्हातान्हात वस्त्यांवर फिरली, आटलेल्या आणि चालू विहिरी टिपून आणल्या आणि कॉम्प्युटरवर नकाशा केला. तहसीलमधल्या साहेबांनी तो भिंतीवर लावला, त्याच्यापुढं उभं राहून फोटो काढून घेतला. तेवढ्यात पुण्याच्या एका कंपनीनं नकाशे येणारी पोरं मागितली. पहिली महानंदा गेली. मग बाकीचे. कॉलेजनं फाटकावर सगळ्यांच्या चेहऱ्यांचं बॅनर लावलं. त्यात प्राचार्यांचा चेहरा सगळ्यांत मोठा होता.

पुढं एकदा आम्ही संगाप्पांच्या दुकानावरून जात होतो. त्यांनी हाक मारली, खडीसाखर हातावर ठेवली. “मास्तर, पोरीनं नाव काढलं. लई उपकार तुमचे.” मग गुळाची ढेप फोडता फोडता, वर न बघता विचारलं, “जिल्हा कवा होनार हाय?”

माणिकनं खडीसाखर उदगीरपर्यंत तशीच मुठीत धरून आणली. त्याची बायको लवकर गेलेली, मूलबाळ नव्हतं. पुढची प्रत्येक तुकडी त्यानं तितक्याच जीव लावून शिकवली आणि प्रत्येक निरोपसमारंभानंतर माझ्याकडं येऊन बसायचा. एकदा म्हणाला, “फायदा झालाच की रे. फक्त हितं न्हाई झाला...”

पोरं पुण्या-हैदराबादेत पांगलेली, म्हणून शोकसभा कॉम्प्युटरवरच घ्यावी लागली. शिपायानं मला लॅबमध्ये बसवून सगळं सुरू करून दिलं आणि तो घरी गेला. पडद्यावर चेहऱ्यांच्या चौकटी. सगळे चांगलं बोलले, नेहमीपेक्षा खरं बोलले. मग एकेक चौकट गेली. महानंदा तेवढी राहिली.

“सर, तुम्ही बाहेर न्हाई पडलात?”

“मला येत नाही गं. तू जा, उद्या शिपाई बघेल.”

“न्हाई सर. लॅबमधी शेजारच्याचा कॉम्प्युटर नीट बंद झाल्याबिगर उठायचं न्हाई. माणिक सरांचा नियम हाय.”

माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती. महानंदाच्या शेजारी कोण होतं, मला दिसत नव्हतं.

“खाली लाल बटण हाय बघा. दिसलं?”

“दिसलं.”

“दाबा. मी हाय.”

मी दाबलं, आणि ती गेली.